दुखणे वर जाते, मग खाली काय येते? : कॉर्टेक्स, मस्तिष्कस्तंभ आणि वेदना

तळजाई

हा सल्ला मागणारा धागा नाही. औषध चालू ठेवायचे की नाही हे आमचे डॉक्टर ठरवतील. मला केवळ त्यामागची यंत्रणा समजून घ्यायची आहे.

माझी आई ७१ वर्षांची आहे. तिचा मधुमेह जुना आहे आणि गेल्या वर्षभरापासून तिच्या तळपायांची रात्री आग होते. चादरीचा स्पर्शही सहन होत नाही, म्हणून ती थंडीतसुद्धा पाय पांघरुणाबाहेर काढून झोपते. येथील एका रुग्णालयात तपासणी झाली, मधुमेहामुळे पायांच्या नसांना इजा झाल्याचे निदान झाले आणि ड्युलोक्सेटीन हे औषध लिहून मिळाले. ते कशासाठी आहे, हे मात्र कोणी सांगितले नाही. घरी आल्यावर माझ्या मुलाने फोनवर त्याचे नाव शोधले आणि पहिलीच ओळ मोठ्याने वाचली : ‘नैराश्यावरील औषध’. तेव्हापासून आई अबोल झाली आहे. ‘दुखतात माझे पाय आणि गोळी देतात डोक्याची; म्हणजे मी सोंग करते, असेच ना त्यांचे म्हणणे?’ असे तिने एकदाच विचारले. ३० वर्षे शाळेत शिकवलेल्या बाईला ‘तसे नाही गं’ एवढे उत्तर पुरत नाही.

म्हणून मी वाचायला घेतले. मेंदूच्या बाह्य थरातून, म्हणजे कॉर्टेक्समधून, मस्तिष्कस्तंभाकडे, म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जू यांना जोडणाऱ्या देठाकडे, चेतातंतू उतरतात आणि ते वेदना कमी-जास्त करतात, असा उल्लेख वारंवार आला. मी आजवर समजत होते की दुखण्याचा निरोप पायाकडून मेंदूकडे जातो आणि तेथे प्रवास संपतो. मग हा खाली येणारा मार्ग नेमका कोठून कोठे जातो? आणि आईच्या गोळीचा त्याच्याशी संबंध काय?

अर्धशिशी

मी बरीच वर्षे वैद्यकीय विद्यार्थ्यांना शरीरक्रियाशास्त्र शिकवले आहे आणि हा विषय माझ्या आवडीचा आहे, त्यामुळे उत्तर लांबेल.

आधी वर जाणारा मार्ग पाहू. पायाच्या त्वचेतील बारीक तंतू इजेची बातमी मज्जारज्जूच्या मागच्या बाजूच्या करड्या भागात आणतात; या भागाला पृष्ठशृंग म्हणतात. यांतील सर्वांत मंद तंतूंचा वेग सेकंदाला साधारण १ मीटर, म्हणजे सावकाश चालणाऱ्या माणसाइतका असतो. पृष्ठशृंगातील दुसरी चेतापेशी ती बातमी विरुद्ध बाजूला ओलांडून वर पाठवते. ती थॅलॅमस या मेंदूच्या आतल्या ठाण्यामार्गे कॉर्टेक्सच्या अनेक भागांत पोहोचते. काही तंतू मात्र वाटेतच, मस्तिष्कस्तंभात, थांबतात. ही वाट पाठ्यपुस्तकात ठळक छापलेली असते, म्हणून आपल्याला तेवढीच ठाऊक असते.

आता खाली येणारा मार्ग. कॉर्टेक्सचे सहा थर मानतात. त्यांतील पाचव्या थरातील मोठ्या, पिरॅमिडच्या आकाराच्या चेतापेशींचे तंतू कॉर्टेक्स सोडून दूरवर जातात. कपाळामागच्या कॉर्टेक्सचा मधला भाग, त्याला लागून असलेला सिंग्युलेट कॉर्टेक्सचा पुढचा भाग आणि कानशिलाच्या आत घडीत दडलेला इन्सुला, या तिन्हींतून असे तंतू मध्यमेंदूपर्यंत, म्हणजे मस्तिष्कस्तंभाच्या वरच्या भागापर्यंत, उतरतात. मध्यमेंदूतून मेरुद्रवाची एक बारीक नळी जाते आणि तिच्याभोवती करड्या द्रव्याचे कडे असते. त्याला पेरिअ‍ॅक्विडक्टल ग्रे म्हणतात. पुढे मी त्याला ‘पीएजी’ म्हणेन. माणसात त्याची लांबी दीड सेंटीमीटरच्या आत-बाहेर असते. वेदनेवर वरून जो काही अंमल चालतो, त्याचा फार मोठा भाग या एवढ्याशा जागेतून जातो.

पीएजीमधून मज्जारज्जूपर्यंत थेट जाणारे तंतू थोडे आहेत. ते काम मुख्यतः एका मधल्या ठाण्यामार्फत होते. लंबमज्जेच्या, म्हणजे मस्तिष्कस्तंभाच्या सर्वांत खालच्या भागाच्या, पुढच्या-मधल्या बाजूस चेतापेशींचा एक समूह आहे, त्याला संक्षेपाने ‘आरव्हीएम’ म्हणतात. तेथून निघालेले तंतू मज्जारज्जूतून उतरून त्याच पृष्ठशृंगात येतात, जेथे पायाची बातमी पहिल्यांदा पोहोचली होती. थोडक्यात, बातमी वर पोहोचण्याआधीच, पहिल्या थांब्यावर, तिचा आवाज बदलता येतो. आईंच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर येथे आहे : मेंदू येथे दुखण्याबद्दलचे मत बदलत नाही, तर मज्जारज्जूत शिरणारा संदेशच कमी-जास्त करतो. उरलेले अर्धे, म्हणजे गोळीचे, उद्या लिहितो.

खडकवासला

उत्तम प्रतिसाद. आमच्या भाषेत सांगायचे तर पायाकडून येणारे पाणी म्हणजे वेदना, पृष्ठशृंग म्हणजे धरणाचा दरवाजा, पीएजी आणि आरव्हीएम म्हणजे दरवाजा चालवणारे कर्मचारी आणि कॉर्टेक्स म्हणजे विसर्ग किती क्युसेकने ठेवायचा हे ठरवणारे पाटबंधारे खाते. हे जमते का?

अर्धशिशी

दरवाजाची कल्पना तुमच्या आधी १९६५ साली रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी मांडली. तिचे नावच ‘गेट कंट्रोल’ असे आहे. त्यांच्या आकृतीत मेंदूकडून दरवाजाकडे उतरणारा एक बाणही होता, पण तो कोठून निघतो हे तेव्हा कोणालाच दाखवता आले नव्हते. पुढे १९६९ साली डेव्हिड रेनॉल्ड्स यांनी उंदराच्या पीएजीमध्ये विद्युत्‌-अग्र ठेवून सौम्य प्रवाह सोडला आणि भूल न देता त्याच्या पोटावर शस्त्रक्रिया केली. उंदीर जागा होता आणि तरीही वेदनेची प्रतिक्रिया देत नव्हता. त्या बाणाचे एक टोक अशा रीतीने हाती लागले. नंतरच्या दशकात काही रुग्णांच्या मेंदूतही त्या परिसरात विद्युत्‌-अग्रे बसवून असह्य वेदना कमी करण्याचे प्रयत्न झाले. त्यांतील काहींना, पूर्वी कधी डोके दुखत नसताना, अर्धशिशीसारखी डोकेदुखी सुरू झाली, असे १९८७ साली नोंदवले गेले. माझ्या सदस्यनामाचा उगम तेथे आहे.

तुमची उपमा मात्र एका जागी गळते. धरणाचा दरवाजा पाणी अडवतो किंवा सोडतो. तो वरून येणाऱ्या नदीचे पाणी वाढवू शकत नाही. आरव्हीएम तेही करते. हॉवर्ड फील्ड्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तेथे दोन प्रकारच्या चेतापेशी आढळल्या. उंदराच्या शेपटीला उष्णता दिली की तो शेपटी झटकतो. झटकण्याच्या किंचित आधी एक प्रकारच्या पेशी एकदम जोरात चालू होतात आणि दुसऱ्या प्रकारच्या पेशी गप्प होतात. पहिल्यांना ‘ऑन’ आणि दुसऱ्यांना ‘ऑफ’ पेशी म्हणतात. ऑफ पेशी चालू असताना वेदनेचा संदेश दबतो, ऑन पेशी चालू असताना तो फुगतो. मॉर्फीन दिले की ऑन पेशी थंडावतात आणि ऑफ पेशी सलग चालू राहतात. एकाच ठाण्यात ब्रेकही आहे आणि अ‍ॅक्सिलरेटरही.

शंकेखोर

दोन आक्षेप नोंदवतो. पहिला म्हणजे हे सारे उंदरांचे आहे. माणसाचा कपाळामागचा कॉर्टेक्स आणि उंदराचा कॉर्टेक्स यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. माणसांवरच्या अभ्यासांत स्कॅनमध्ये दोन ठिपके एकाच वेळी उजळले की ‘यांचा संबंध आहे’ असे जाहीर होते. लक्ष्मी रस्त्यावर दिवाळीच्या आधी दोन दुकानांत एकाच वेळी गर्दी होते, म्हणून एक दुकान दुसऱ्याला माल पुरवते असे कोणी म्हणत नाही.

अर्धशिशी

दुसरा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. मस्तिष्कस्तंभ स्कॅनसाठी कुप्रसिद्ध आहे, कारण त्याच्या शेजारच्या रक्तवाहिन्यांच्या ठोक्यांबरोबर आणि श्वासाबरोबर तो हलतो. नेहमीच्या चित्रणातला एक ठोकळा २ ते ३ मिलिमीटरचा असतो आणि पीएजीची जाडी अशा दोन-तीन ठोकळ्यांतच संपते. तंतूंचे मार्ग दाखवणारे डिफ्यूजन चित्रण तंतू आहे एवढे सांगते. संदेश वर जातो की खाली येतो, हे त्यातून कळत नाही.

म्हणूनच प्राण्यांवरचे पुरावे महत्त्वाचे ठरतात. पीएजीमध्ये एक विशिष्ट रंगद्रव्य टोचले तर ते तेथे पोहोचलेल्या तंतूंमधून उलट प्रवास करून मूळ पेशीपर्यंत जाते. त्या पेशी कॉर्टेक्सच्या पाचव्या थरात सापडतात. अलीकडे प्रकाशाने चालू-बंद होणारी प्रथिने नेमक्या त्याच पेशींत बसवता येतात. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात उंदरांच्या पायाच्या चेतातंतूला इजा केल्यावर पुढील साखळी दिसली : भीतीशी संबंधित अमिग्डलाकडून कपाळामागच्या कॉर्टेक्समधील रोधक पेशींना जास्त चालना मिळते, त्या पीएजीकडे जाणाऱ्या पेशींना दाबतात आणि मज्जारज्जूवरचा अंकुश सुटतो. वरचा आदेश क्षीण झाला म्हणून खालचे दुखणे वाढले. तळजाई यांच्या आईंच्या बाबतीत हेच घडते आहे असे मी मुळीच म्हणत नाही. पण चेतातंतूची इजा ही फक्त पायापुरती राहत नाही, एवढे त्यातून दिसते.

माणसांत दिशा ठरवण्याचा एक उपाय म्हणजे औषधाने तो मार्ग अडवणे. १९७८ साली अक्कलदाढ काढलेल्या रुग्णांवर लेविन, गॉर्डन आणि फील्ड्स यांनी हे केले. ज्यांना औषध नसलेल्या द्रावणानेही बरे वाटत होते, त्यांना नालोक्सोन दिल्यावर दुखणे वाढले. नालोक्सोन शरीरातील मॉर्फीनसदृश द्रव्यांचे काम अडवते. समजुतीतून मिळालेला आराम जर केवळ कल्पना असता, तर तो एका रसायनाने असा पुसला जायला नको होता. २००९ मध्ये हाम्बुर्ग येथील गटाने स्कॅनसह हाच प्रयोग केला. सिंग्युलेट कॉर्टेक्सचा पुढचा भाग आणि पीएजी यांच्यात प्लासिबोच्या, म्हणजे औषध नसलेल्या उपचाराच्या, वेळी जी जुळणी दिसत होती, ती नालोक्सोनने ढिली पडली. तुमच्या दोन दुकानांपैकी एकाचा पुरवठा तोडून पाहण्यासारखेच हे आहे.

दिवेघाट

मी डॉक्टर नाही, पण आषाढी वारीत माउलींची पालखी पुण्याहून निघून सासवडला पोहोचते, त्या मुक्कामी आमचे मंडळ पायांच्या मलमपट्टीची सेवा करते. त्या दिवशीची चाल सुमारे ३० किलोमीटरची असते आणि मध्ये दिवे घाट लागतो. दरवर्षी एकच गोष्ट दिसते. तळपायाला रुपयाएवढा फोड फुटलेला असतो, त्यात खडे रुतलेले असतात, आणि वारकरी आजी सांगतात की घाट चढताना काहीच कळले नाही. टाळ थांबले, पाय पसरून बसले, आणि मग आग सुरू झाली. गणपतीत ढोल वाजवणारी मुलेही असेच सांगतात : मिरवणूक संपेपर्यंत बोटे फुटल्याचे समजत नाही. हा याच मार्गाचा प्रकार का?

शंकेखोर

येथे घाईने ‘कॉर्टेक्सने पीएजीला आदेश दिला’ असे म्हणू नये. दीर्घ श्रमाने वेदनेची धार आपोआप बोथट होते, चालताना स्पर्शाच्या जाड तंतूंची सतत वर्दळ असते, आणि बसल्यावर जखमेची सूजही वाढते. यांतले कोणते किती, हे वारकऱ्याच्या सांगण्यावरून ठरणार नाही.

अर्धशिशी

शंकेखोर यांचे म्हणणे रास्त आहे, पण दिवेघाट यांचे निरीक्षणही जुन्या आणि सन्माननीय परंपरेतले आहे. दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर काम करणारे हेन्री बीचर यांनी गंभीर जखमी सैनिकांना विचारून पाहिले, तेव्हा केवळ सुमारे एकचतुर्थांश जणांनी वेदनाशामक हवे असे म्हटले. ही नोंद १९४६ साली प्रसिद्ध झाली. प्रयोगशाळेत याची सौम्य आवृत्ती करून पाहता येते. २०१२ साली हाम्बुर्ग येथेच लोकांच्या हाताला उष्णतेचा चटका देताना त्यांना अक्षरे लक्षात ठेवण्याचे काम दिले. काम अवघड असताना त्यांना चटका कमी लागला, इतकेच नव्हे तर मज्जारज्जूच्या स्कॅनमध्येच प्रतिसाद कमी दिसला. नालोक्सोन दिल्यावर लक्ष वळवण्याचा हा फायदा घटला. म्हणजे अभंगात रमलेल्या माणसाचे लक्ष ‘दुसरीकडे आहे’ हे वाक्य मज्जारज्जूपर्यंत खरे असू शकते. घाटातल्या फोडाबाबत ते किती टक्के खरे आहे, हे मी सांगणार नाही.

आणखी एक वेगळी यंत्रणा येथेच सांगतो, कारण तिच्यासाठी मराठीत आयती म्हण आहे : काट्याने काटा काढणे. १९७९ साली ल बार्स आणि सहकाऱ्यांनी दाखवले की उंदराच्या शरीराच्या एका भागाला तीव्र वेदना दिली की दूरच्या भागाकडून आलेल्या वेदनेच्या बातमीला पृष्ठशृंगातील चेतापेशी कमी प्रतिसाद देतात. मज्जारज्जू वरच्या बाजूला कापला तर हे घडत नाही. याचे केंद्र लंबमज्जेच्या मागच्या भागात आहे, आणि भूल दिलेल्या प्राण्यातही ते चालते. हे मुद्दाम सांगतो, कारण मस्तिष्कस्तंभ म्हणजे कॉर्टेक्सचा हुकूम पाळणारा शिपाई नव्हे. त्याचा स्वतःचा कारभार आहे. कॉर्टेक्स त्यात हस्तक्षेप करतो.

खडकवासला

मग हा हस्तक्षेप उलटाही होतो का? म्हणजे नुसत्या भीतीने दुखणे वाढते का? आमच्या घरात औषधाचे दुष्परिणाम आधी वाचायचे आणि नंतर ते अनुभवायचे अशी पद्धत आहे.

अर्धशिशी

होतो. २०१७ सालचा एक प्रयोग पुणेकरांना विशेष आवडेल. त्यात सहभागी व्यक्तींना एक मलम लावले आणि त्याचा दुष्परिणाम म्हणून वेदना जास्त जाणवेल असे सांगितले. मलमात औषध काहीच नव्हते. काहींना ते भारी, महागड्या दिसणाऱ्या डब्यातून दिले आणि काहींना साध्या, स्वस्त डब्यातून. महाग मलमवाल्यांना चटका अधिक दुखला. किमतीचा हा परिणाम सिंग्युलेट कॉर्टेक्स, पीएजी आणि मज्जारज्जू यांच्यातील संवादात दिसून आला. महाग वस्तूचा परिणाम, अगदी वाईट परिणामसुद्धा, दमदार असणार अशी आपली अपेक्षा मज्जारज्जूपर्यंत पोहोचते.

दीर्घकालीन दुखण्यात हा उलटा प्रवाह अधिक चिंतेचा आहे. चेतातंतूला इजा केलेल्या उंदरांच्या आरव्हीएममध्ये बधिर करणारे औषध टोचले तर साध्या स्पर्शाने होणारी वेदना तात्पुरती नाहीशी होते. इजा पायात, औषध लंबमज्जेत. म्हणजे दुखणे टिकवून धरण्यात मस्तिष्कस्तंभाचा वाटा होता. चादर सहन न होण्याचे जे वर्णन धाग्याच्या सुरुवातीला आले आहे, त्याच जातीच्या वेदनेवरचा हा प्रयोग आहे.

चेहऱ्याच्या बाबतीत तर अंतर आणखी कमी होते. दात, हिरडी, डोळे आणि मेंदूची आवरणे यांची बातमी मज्जारज्जूत न जाता थेट मस्तिष्कस्तंभातील ट्रायजेमिनल केंद्रक या चेतापेशींच्या समूहात येते. पायासाठी जे पृष्ठशृंग, तेच चेहऱ्यासाठी हे केंद्रक. कॉर्टेक्समधील काही तंतू पीएजीला वळसा घालून सरळ तेथे पोहोचतात. उंदरांत असे दिसले आहे की स्पर्शाच्या कॉर्टेक्समधील विद्युत्‌लहरीने मेंदूच्या आवरणांकडून आलेली बातमी दबते, तर इन्सुलातील लहरीने ती वाढते. अर्धशिशीच्या अभ्यासकांना याचे आकर्षण का वाटते, ते सांगायला नको.

तळजाई

मी प्रत्येक प्रतिसाद आईला वाचून दाखवत आहे. सासवडच्या आजींचा परिच्छेद तिने दोनदा ऐकला. पण ती शिक्षिका असल्यामुळे मूळ प्रश्न विसरलेली नाही : ‘हे सारे पटले, पण माझ्या गोळीचे काय?’

अर्धशिशी

क्षमस्व, ते राहूनच गेले.

मस्तिष्कस्तंभातून मज्जारज्जूकडे उतरणाऱ्या तंतूंची मुख्य रसायने दोन आहेत. आरव्हीएमच्या परिसरातून येणाऱ्या काही तंतूंतून सेरोटोनिन सुटते. मध्यमेंदूच्या लगेच खाली मस्तिष्कस्तंभाचा जो भाग आहे, ज्याला पॉन्स म्हणतात, त्यात एक निळसर ठिपका आहे. त्याचे लॅटिन नाव लोकस सेरुलियस असून त्याचा अर्थही जवळपास ‘निळी जागा’ असाच होतो. मज्जारज्जूत पोहोचणारे नॉरअ‍ॅड्रेनलीन मुख्यतः तेथून आणि शेजारच्या समूहांतून येते. सेरोटोनिन कोणत्या ग्राहकाला (पेशीवरील त्याला पकडणाऱ्या रेणूला) जाऊन भिडते त्यावर वेदना कमी होणार की वाढणार हे ठरते. नॉरअ‍ॅड्रेनलीन पृष्ठशृंगात बहुतांशी वेदनेला आवर घालते. ड्युलोक्सेटीन ही दोन्ही रसायने चेतापेशीत परत शोषली जाण्यापासून थोपवते, त्यामुळे खाली येणारा आवर अधिक काळ टिकतो. हीच रसायने मेंदूच्या इतर भागांत मनःस्थितीशीही संबंधित आहेत, म्हणून तेच औषध नैराश्यातही चालते. रसायन एक, ठिकाणे दोन.

आईंना दोन गोष्टी अवश्य सांगा. अमेरिकेत या औषधाला २००४ च्या ऑगस्टमध्ये नैराश्यासाठी आणि पुढच्याच महिन्यात मधुमेहामुळे होणाऱ्या चेतातंतूंच्या वेदनेसाठी मान्यता मिळाली; फोनवरची ओळ केवळ एका महिन्याच्या फरकाने तशी लिहिली गेली आहे. दुसरी गोष्ट अशी की त्या वेदनेसाठीच्या चाचण्यांत नैराश्याचे रुग्ण मुद्दाम वगळले होते, जेणेकरून मनःस्थिती सुधारल्यामुळे वेदना कमी वाटली असा संशय राहू नये.

आणि शंकेखोर यांच्यासाठी : २०१२ साली मधुमेही चेतावेदनेच्या ३० रुग्णांवर एक छोटा अभ्यास झाला. औषध सुरू करण्याआधी त्यांची ‘काट्याने काटा’ ही चाचणी घेतली, म्हणजे एक वेदना चालू असताना दुसरी कमी जाणवते का ते पाहिले. ज्यांच्यात हा आवर कमकुवत होता, त्यांनाच ड्युलोक्सेटीनचा अधिक उपयोग झाला.

शंकेखोर

३० म्हणजे फारच थोडे. पण प्रश्न योग्य विचारला होता, हे मान्य करतो.

तळजाई

ऑगस्ट आणि सप्टेंबर हा मुद्दा लागू पडला. आईने दिनदर्शिकेवर स्वतःच्या हाताने ‘पायाची गोळी’ असे लिहून ठेवले आहे. तिचा शेवटचा प्रश्न : गेल्या वर्षी चक्कर आल्यावर तिच्या मेंदूचा एमआरआय काढला होता, ती फिल्म कपाटात आहे. त्यात तो निळा ठिपका दिसेल का?

अर्धशिशी

साध्या एमआरआयमध्ये नाही. त्या पेशींत वयानुसार न्यूरोमेलॅनिन नावाचे गडद रंगद्रव्य साठते आणि त्याला संवेदनशील असे खास चित्रण केले तर पॉन्समध्ये दोन्ही बाजूंना एकेक उजळ टिंब दिसते. बरोबर वाचलेत, एकेक. म्हणजे आईंकडे निळे ठिपके दोन आहेत.